परसातले अनोळखी झाड : तीन निंबांची गोष्ट

परसात कोणीही न लावलेले रोप कधीकधी उगवते. एखाद्या पक्ष्याने फळ खाऊन टाकलेली बी तेथे रुजलेली असते. रोप वाढले की कोणी त्याला कडुनिंब म्हणते, कोणी बकाण निंब, तर कोणी कढीलिंब. नावे सारखी वाटली, तरी ही तीन वेगळी झाडे आहेत आणि त्यांतला फरक ओळखणे गरजेचे आहे. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची पाने खातो, कढीलिंब रोज फोडणीत पडतो. बकाण निंबाची फळे मात्र विषारी असतात. म्हणून झाड ओळखू येईपर्यंत त्याचे काहीही चाखू नये.

मग ओळखावे कसे? झाड कशासारखे दिसते, एवढ्यावर न थांबता क्रमाने प्रश्न विचारावेत. प्रत्येक उत्तरासरशी काही शक्यता गळून पडतात.

पहिला प्रश्न : पान नेमके कोणते? पानाचा देठ फांदीला मिळतो तेथे, बगलेत, बारीकसा अंकुर असतो. आपण ज्याला सहज एक पान म्हणतो, त्याच्या बुडाशी तो नसेल तर ती पर्णिका, म्हणजे संयुक्त पानाचा एक भाग. तिन्ही निंबांची पाने अशी संयुक्त असतात.

दुसरा प्रश्न : पान कितीदा विभागले आहे? कडुनिंब आणि कढीलिंब यांच्या पर्णिका मधल्या दांड्यालाच लागलेल्या असतात. बकाण निंबाच्या दांड्याला आधी फाटे फुटतात आणि पर्णिका त्या फाट्यांवर असतात.

तिसरा प्रश्न : पर्णिका उजेडासमोर धरल्यावर काय दिसते? कढीलिंबात पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत. चुरगळल्यावर येणारा ओळखीचा वास त्यांचाच. लिंबूही याच कुळातले. कडुनिंबात असे ठिपके नसतात. त्याच्या पर्णिका किंचित विळ्यासारख्या वाकलेल्या, करवती कडांच्या आणि बुडाशी दोन्ही बाजूंनी असमान असतात.

येथे एक सावधगिरी हवी. कोवळ्या रोपाची पहिली पाने मोठ्या झाडाच्या पानांसारखी नसतात. म्हणून रोप थोडे वाढू द्यावे आणि एकच पान न पाहता अनेक पाने पाहावीत.

खात्री पटते ती फुला-फळांवरून. कडुनिंबाची फुले पांढरी, तर बकाण निंबाची फिकट जांभळी असून त्यांच्या मध्यभागी गडद जांभळी नळी असते. ही नळी पुंकेसर जोडले जाऊन बनते. कडुनिंबाच्या लिंबोळीत बहुधा एकच बी असते. बकाण निंबाची पिवळी, गोल फळे पाने गळल्यावरही झाडावर लोंबत राहतात आणि त्यांच्या टणक आठळीत अनेक कप्पे असतात. या दोन झाडांचे साम्य इतके आहे, की 1753 साली लिनियसने दोन्ही ‘मेलिया’ या एकाच प्रजातीत घातली होती. 1830 साली आद्रियाँ द ज्युस्यू यांनी कडुनिंबाला ‘अझाडिरॅक्टा’ ही वेगळी प्रजाती दिली.

शिक्षकांनी शाळेच्या आवारातील पाच झाडे निवडून मुलांना अशीच प्रश्नमालिका तयार करायला सांगावी. दुसऱ्या गटाला केवळ त्या प्रश्नांच्या आधारे झाड सापडले, तर प्रश्न चांगले. न सापडले, तर कोणता प्रश्न कमी पडला याची वर्गात चर्चा करावी.