फ्लॉपी तबकडी चालक, बहुमांडणी
फ्लॉपी तबकडी चालक, बहुमांडणी : संगणकाच्या कार्यप्रणालीने केलेली 'अमुक खंड वाचा' किंवा 'लिहा' ही मागणी तबकडी यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत उतरविणाऱ्या आज्ञावलीस चालक म्हणतात. एकाच यंत्रात निरनिराळ्या मांडणीच्या तबकड्या घातल्या जाऊ लागल्यावर या चालकाचे काम अवघड झाले. आयबीएम ३७४० पद्धतीच्या ८ इंची तबकडीवर ७७ मार्ग, प्रत्येक मार्गावर २६ खंड व प्रत्येक खंडात १२८ बाइट असत. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सव्वापाच इंची तबकडीवर ४० मार्ग, ८ खंड व ५१२ बाइट होते.

अशा संख्या आज्ञावलीत ठिकठिकाणी न लिहिता एका कोष्टकात ठेवणे, हे बहुमांडणी चालकाचे मुख्य तत्त्व होय. सीपी/एम कार्यप्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९७९) प्रत्येक यंत्रासाठी असे कोष्टक असे. नव्या मांडणीसाठी मग बहुधा नवे कोष्टकच पुरते.

खरी अडचण मांडणी ओळखण्याची असते. एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून (१९८३) तबकडीच्या पहिल्या खंडात तिची मापे नोंदविलेली असत. त्याआधीच्या तबकड्यांवर ती नसत. मांडणीदर्शक बाइटवरही विसंबता येत नाही : १५ खंडांच्या १·२ मेगाबाइट व ९ खंडांच्या ७२० किलोबाइट या दोन्ही तबकड्यांस एफ९ हाच बाइट दिलेला होता. म्हणून चालक आधी वेगवेगळ्या वेगांनी एखादा खंड वाचून पाहतो, नंतर मोठ्या क्रमांकाचे खंड सापडतात का ते तपासतो. हे अखेर अनुमानच असते. ते चुकल्यास वाचन फसते एवढेच. लेखन झाले तर मात्र मूळ माहिती नष्ट होते.

८० मार्गांच्या १·२ मेगाबाइट यंत्रात (१९८४) ४० मार्गांची तबकडी घातल्यास शीर्ष प्रत्येक वेळी दोन पावले सरकवावे लागते. हे यंत्र मिनिटाला ३०० ऐवजी ३६० फेरे घेत असल्याने माहितीचा वेगही सेकंदाला २,५०,००० ऐवजी ३,००,००० बिट धरावा लागतो. वाचन असे साधते. पण या यंत्राचे शीर्ष अरुंद असल्याने लेखनानंतर जुन्या रुंद मार्गाच्या कडा तशाच राहतात आणि मूळ यंत्राचे रुंद शीर्ष नवे व जुने एकत्रच वाचते. अशा तबकडीवर चालकाने लेखन नाकारणेच श्रेयस्कर.

दुसरा धोका तबकडी बदलण्याचा. स्मृतीत राहिलेले जुन्या तबकडीचे वाटप-कोष्टक नव्या तबकडीवर लिहिले गेले, तर तिच्यावरील सर्व संचिकांचा माग हरवतो. यासाठी झाकण उघडल्याचा संकेत मिळताच चालकाने मांडणीविषयीचे आपले सर्व अनुमान टाकून द्यावयाचे असते. जुन्या यंत्रांत हा संकेत नसे; तेथे सीपी/एम निर्देशिकेची बेरीज पडताळून पाही व ती न जुळल्यास लेखन बंद करी.

सर्वच भेद चालकाला मिटविता येत नाहीत. ॲपल २ व पहिल्या मॅकिंटॉशच्या तबकड्यांवरील संकेतनच निराळे असल्याने पीसीतील नेहमीची नियंत्रक चिप त्या वाचू शकत नसे. याउलट अमिगा संगणक सबंध मार्गावरील कच्चे बिट स्मृतीत घेऊन त्यांचे विसंकेतन आज्ञावलीने करी. त्यामुळे योग्य चालक दिल्यास त्यावर ७२० किलोबाइटच्या डॉस तबकड्याही वाचता येत.