डोंगराच्या फोटोत आकाश पांढरंफटक का येतं?

कर्जतहून कशेळ्याला आलात की पूर्वेला भीमाशंकरच्या बाजूची सह्याद्रीची रांग दिसते. सकाळी चहाच्या टपरीवर मोबाइल निघतो, आणि फोटोत एकतर डोंगर काळाठिक्कर, नाहीतर आकाश पांढरंफटक! मोबाइल बिघडलेला नसतो.

सूर्य याच रांगेमागून वर येतो. म्हणजे आपल्या बाजूचे कडे सावलीत आणि आकाश लख्ख. डोळा नजर फिरेल तसा जुळवून घेतो, सेन्सरला मात्र दोन्ही एकाच वेळी टिपायचं असतं.

आपण स्क्रीनवर डोंगराला टॅप करतो. कॅमेरा उजेड वाढवतो आणि ढग गायब होतात. ते एडिटिंगमध्येही परत येत नाहीत, कारण तिथे सेन्सर काठोकाठ भरलेला असतो, तपशील नोंदलाच गेलेला नसतो. सावलीत मात्र थोडाफार तपशील उरतो. म्हणून टॅप आकाशावर करा, गरज पडली तर एक्स्पोजर थोडं खाली ओढा आणि डोंगर नंतर उजळा. रॉ फाइल असेल तर बराच उजळतो, जेपीईजीत लवकर दाणे दिसायला लागतात. अर्थात सगळी सावली पुसू नका, कडा सपाट दिसतो.

एचडीआर वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडतं. पण पावसाळी वाऱ्यात गवत हलत असेल तर ते पुसट होऊ शकतं.

सगळ्यात सोपा उपाय घड्याळाचा. दुपार कलली की सूर्य पश्चिमेला येतो आणि याच कड्यांवर समोरून ऊन पडतं. पेठचा किल्ला करून संध्याकाळी आंबिवलीत उतरलात, तर मोबाइलची बॅटरी तेवढी शिल्लक ठेवा.