वर्तमानपत्रांच्या दप्तरातील भूकंप

मोहोपाड्याहून रसायनीकडे जाताना पाताळगंगेच्या खोऱ्यात ज्या कारखान्यांच्या टाक्या दृष्टीस पडतात, त्यांच्या पायाखालची भूमी पूर्वी कितीदा व किती जोराने हलली, हा प्रश्न कर्जत-खालापूरच्या रहिवाशाने अवश्य विचारावा. मात्र मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत भूकंपमापक आला तोच मुळी १८९८ साली. त्यापूर्वीच्या धक्क्यांचे साक्षीदार म्हणजे सरकारी दप्तरे, खाजगी पत्रे आणि विशेषेकरून वर्तमानपत्रे. ‘दर्पण’ १८३२ साली निघाले, पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली. मुंबईची इंग्रजी पत्रे त्याहून जुनी. असले विखुरलेले वृत्तांत जमवून भूगर्भशास्त्रज्ञ टॉमस ओल्डहॅम यांनी हिंदुस्थानातील भूकंपांची जी यादी सिद्ध केली, ती त्यांच्या पुत्राने १८८३ साली प्रसिद्ध केली.

बातमीदाराने ‘मोठा भूकंप झाला’ एवढेच लिहिले असेल, तर अभ्यासकाच्या हाती काहीच लागत नाही. परंतु टांगलेले दिवे झुलले, फडताळातली भांडी वाजली, निजलेली माणसे दचकून अंगणात आली, भिंतींचा गिलावा तडकला, असा तपशील त्याने दिला असेल, तर बारा अंशांच्या तीव्रताश्रेणीवर त्या गावचा अंक ठरविता येतो, आणि गावोगावचे अंक नकाशावर मांडले म्हणजे धक्क्याचे केंद्र अदमासाने सापडते. धक्का जाणवला नाही, असे प्रामाणिकपणे कळविणारा बातमीदार तर मला विशेष आदरणीय वाटतो. हादऱ्याच्या क्षेत्राची सीमा त्याच्याच साक्षीने आखली जाते.

या साक्षींची रुजवात मात्र कसून घ्यावी लागते. जुन्या काळी रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले व मुंबई आपल्या स्थानिक वेळेने. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर असल्याने कर्जत स्थानकातून आणि शेजारच्या खेड्यातून कळविलेला एकच धक्का कागदोपत्री दोन होऊ शकतो. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई, तेव्हा बातमीतील कुलाबा मुंबईचा की अलिबागकडचा, हेही पाहावे लागते. कोयनेचा भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, पण ग्रिनिच वेळेनुसार तो १० तारखेचा ठरतो. कलकत्त्याच्या १७३७ सालच्या अनर्थात तीन लक्ष माणसे दगावल्याचे लंडनच्या मासिकाने छापले आणि पुढे दोन शतके तो भूकंप म्हणून गणला गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तराशी ताडून पाहता तो चक्रीवादळाचा उत्पात होता व मृतांची संख्या सुमारे तीन हजार होती, असे आढळून आले.

कोयनेचा धक्का मुंबईपर्यंत जाणवला होता. भातसा धरणाच्या परिसरातील १९८३ चे धक्के तर पुष्कळांच्या स्मरणात असतील. खालापूर-कर्जतकडील वृद्ध मंडळींना वाचकांनी आताच विचारावे: त्या वेळी आपण कोठे होता, निजलेले की जागे, घर कुडाचे की विटांचे, काय हलले, काय पडले. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, गावाच्या नावासह व तारखेसह लिहून जवळच्या वाचनालयात ठेवावे. काहीच जाणवले नसल्यास तेही लिहावे.