नकाशांचे राजकारण (लेखांक ६) : जपानचा समुद्र की पूर्व समुद्र?

जपानची बेटे, कोरियन द्वीपकल्प आणि रशियाचा अतिपूर्वेकडील किनारा यांच्यामध्ये सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचा एक समुद्र आहे. सर्वांत खोल भागात त्याची खोली साडेतीन हजार मीटरहून अधिक भरते. बाहेरच्या समुद्रांशी त्याचा संबंध येतो तो मात्र काही अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांतूनच. रशियाचे व्लादिवोस्तोक हे बंदर याच समुद्रावर आहे. जपानी लोक त्याला ‘निहोनकाई’ म्हणजे जपानचा समुद्र म्हणतात, तर दक्षिण कोरियात त्याचे नाव ‘दोंगहे’ म्हणजे पूर्व समुद्र असे आहे. उत्तर कोरिया त्यापुढे आणखी एक पाऊल टाकून ‘कोरियाचा पूर्व समुद्र’ म्हणतो. आपापल्या भाषेत कोणी काय म्हणावे याबद्दल तक्रार नाही. वाद आहे तो आंतरराष्ट्रीय नकाशांवर, विशेषतः इंग्रजीत, कोणते नाव छापायचे याचा.

हा वाद जुना वाटतो, पण औपचारिकपणे तो १९९२ मध्येच सुरू झाला. सप्टेंबर १९९१ मध्ये दोन्ही कोरियांना संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले आणि पुढच्याच वर्षी भौगोलिक नावांच्या प्रमाणीकरणासाठी भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत दक्षिण कोरियाने (यापुढे ‘कोरिया’) हा विषय मांडला. जपान तेव्हापासून एकच प्रश्न विचारत आला आहे : इतकी वर्षे गप्प का होता? कोरियाचे उत्तर १९२८ सालाकडे बोट दाखवते, आणि वादाची खरी मेख तिथेच आहे.

समुद्रांच्या सीमा आणि नावे यांचा सर्वमान्य आधार म्हणजे ‘महासागर आणि समुद्रांच्या सीमा’ ही पुस्तिका. १९२१ मध्ये मोनॅको येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेने ती १९२८ मध्ये काढली. संस्थेच्या प्रकाशनांतील क्रमांकावरून तिला ‘एस-२३’ म्हणतात. जहाजांना धोक्याच्या सूचना देताना कोणता समुद्र कोठे संपतो हे सर्व देशांना सारखेच कळावे, एवढाच तिचा माफक हेतू होता. या सीमांना कोणताही राजकीय अर्थ नाही, असे पुस्तिकेतच बजावले आहे. पण या समुद्राचे नाव जेव्हा ‘जपानचा समुद्र’ असे नोंदले गेले, तेव्हा कोरिया हा देशच नकाशावर नव्हता. १९१० मध्ये जपानने तो आपल्या साम्राज्याला जोडून घेतला होता. जपान संस्थेचा सदस्य होता आणि कोरियाच्या वतीने बोलणारे तिथे कोणीच नव्हते. दुसरी आवृत्ती १९३७ मध्ये निघाली, तेव्हाही तीच परिस्थिती होती. तिसरी १९५३ मध्ये निघाली, तेव्हा कोरियन युद्ध जेमतेम थांबत होते. दक्षिण कोरिया संस्थेचा सदस्य झाला १९५७ मध्ये. तोवर हे नाव जगभरच्या नकाशांत आणि पाठ्यपुस्तकांत पक्के झाले होते.

आपले नाव वसाहतवादातून आले नाही, हे दाखवण्यासाठी जपान त्याच्याही मागे जातो. इटालियन जेझुइट धर्मगुरू मात्तेओ रिच्ची याने १६०२ मध्ये चीनमध्ये तयार केलेल्या जगाच्या नकाशावर ‘जपानचा समुद्र’ हे नाव आहे. १८०३ ते १८०६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या क्रुझेनश्टेर्न या रशियन नौदल अधिकाऱ्यानेही तेच नाव वापरले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपीय नकाशांत हे नाव रुळले. त्या काळात जपानने परदेशांशी संबंध जवळपास तोडलेले होते, मग त्याने नाव लादले कसे, असा जपानचा सवाल आहे. तो बिनतोड वाटतो. पण कोरियाकडेही जुने दाखले आहेत. इ. स. ४१४ च्या ग्वांगगेतो राजाच्या शिलालेखात आणि ११४५ च्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात ‘दोंगहे’ हे नाव सापडते. दक्षिण कोरियाच्या राष्ट्रगीताचा आरंभही याच समुद्राच्या उल्लेखाने होतो. अठराव्या शतकातील अनेक युरोपीय नकाशे त्याला ‘कोरियाचा समुद्र’ म्हणतात. एवढेच नव्हे, तर ताकाहाशी कागेयासु या जपानी विद्वानाने १८१० मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, आज्ञेवरून केलेल्या जगाच्या नकाशातही येथे ‘चोसेन समुद्र’, म्हणजे कोरियाचा समुद्र, असेच लिहिले आहे.

यानंतर दोन्ही सरकारांनी मोठमोठ्या ग्रंथालयांतील जुने नकाशे मोजायला माणसे बसवली. मोजणीचे निष्कर्ष अपेक्षेप्रमाणेच निघाले, म्हणजे ज्याचे त्याला सोयीचे. कोरियाने ‘कोरियाचा समुद्र’, ‘पौर्वात्य समुद्र’ आणि ‘पूर्व समुद्र’ ही सगळी नावे एका रकान्यात घातली. ‘कोरियाचा समुद्र’ आणि ‘पूर्व समुद्र’ ही दोन वेगळी नावे आहेत, ती एकत्र मोजता येणार नाहीत, असा जपानने आक्षेप घेतला. अशी मोजणी कितीही काटेकोर झाली तरी तिने निकाल लागत नाही. जुन्या नकाशाकारांनी एकमेकांचे नकाशे उतरवून घेतले होते. त्यामुळे शंभर नकाशांवर एकच नाव दिसले म्हणजे शंभर जणांनी ते स्वतंत्रपणे स्वीकारले असे होत नाही.

‘पूर्व’ या शब्दावरही खल झाला. कोरियाच्या पूर्वेला असलेला हा समुद्र जपानच्या पश्चिमेला आणि व्लादिवोस्तोकच्या दक्षिणेला पडतो. शिवाय चिनी भाषेत ‘पूर्व समुद्र’ म्हणजे पूर्व चिनी समुद्र, आणि व्हिएतनाममध्ये ‘पूर्व समुद्र’ म्हणजे दक्षिण चिनी समुद्र. एवढ्या पूर्व समुद्रांत खलाशाने कोणता धरावा? कोरियाचे उत्तर असे की युरोपातला ‘उत्तर समुद्र’ नॉर्वेच्या दक्षिणेला आहे. नॉर्वेने म्हणून कधी तक्रार केली नाही. तसे पाहिले तर या मुद्द्यावर दोन्ही बाजू बरोबर आहेत, आणि म्हणूनच तो कोणाच्याच फारसा उपयोगाचा नाही.

कोरियाची प्रत्यक्ष मागणी जपानचे नाव काढून टाका अशी नाही. एकमत होईपर्यंत दोन्ही नावे शेजारी छापा, अशी आहे. त्याला आधार म्हणून १९७४ चा जलसर्वेक्षण संस्थेचा आणि १९७७ चा संयुक्त राष्ट्र परिषदेचा असे दोन ठराव दाखवले जातात. सामाईक भूरूपाच्या नावावर संबंधित देशांचे एकमत होत नसेल, तर प्रत्येकाचे नाव स्वीकारावे, असा त्यांचा आशय आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीला ‘इंग्लिश चॅनेल’ आणि ‘ला मांश’ अशी दोन्ही नावे लावली जातात ती याच रीतीने. जपान म्हणतो, हे ठराव दोन देशांच्या सार्वभौमत्वाखालच्या उपसागरांना आणि सामुद्रधुन्यांना लागू आहेत, खुल्या समुद्राला नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाने २००४ मध्ये आपण प्रचलित म्हणून ‘जपानचा समुद्र’ हेच नाव वापरतो असे कळवले. मात्र हा कोणत्याही दाव्याचा निवाडा नव्हे, अशी त्याची भूमिका आहे.

या समुद्रातल्या दोन खडकाळ बेटांनी वादाची धार आणखी वाढवली. कोरिया त्यांना ‘दोक्दो’ म्हणतो, जपान ‘ताकेशिमा’. बेटांचा ताबा कोरियाकडे आहे आणि जपानचा त्यांवर दावा आहे. जपानच्या नावाच्या समुद्रात कोरियाची बेटे, हे चित्र कोरियन जनतेला खुपते. कायद्याने पाहता समुद्राच्या नावावरून कोणाची मालकी ठरत नाही. हिंदी महासागर भारताचा ठरत नाही, तसेच हे. २००६ मध्ये हनोई येथे कोरियाचे अध्यक्ष रो मू-ह्युन यांनी जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांच्यासमोर ‘शांततेचा समुद्र’ किंवा ‘मैत्रीचा समुद्र’ म्हणू या, असे सुचवून पाहिले. जपानने नकार दिला. कोरियातही या सूचनेवर टीकाच झाली.

वाद अमेरिकेतही पोहोचला. व्हर्जिनिया राज्यात कोरियन वंशाचे मतदार लक्षणीय आहेत. तिथल्या विधिमंडळाने २०१४ मध्ये कायदा करून शालेय पाठ्यपुस्तकांत ‘जपानचा समुद्र’ असा उल्लेख आला की ‘पूर्व समुद्र’ हेही नाव नोंदवणे सक्तीचे केले. हा कायदा होऊ नये म्हणून जपानी राजदूताने नवनिर्वाचित राज्यपालांना पत्र लिहिले होते. त्याचा उपयोग झाला नाही.

मोनॅकोत मात्र घोंगडे भिजतच राहिले. २००२ मध्ये एस-२३ च्या चौथ्या आवृत्तीचा मसुदा सदस्य देशांकडे मतदानासाठी गेला, तेव्हा त्यात या समुद्राची पानेच वगळलेली होती. जपानने हरकत घेताच काही आठवड्यांत मतदान मागे घेण्यात आले. २०१२ च्या परिषदेतही तोडगा निघाला नाही. एका समुद्रापायी जगातल्या सगळ्या समुद्रांच्या सीमांची पुस्तिका १९५३ च्या आवृत्तीवर अडकून पडली.

नोव्हेंबर २०२० मध्ये संस्थेने वेगळाच मार्ग काढला. एस-१३० नावाची नवी संगणकीय प्रणाली करायची आणि तीत समुद्रांना नावांऐवजी क्रमांक द्यायचे, असे ठरले. जुनी एस-२३ पुस्तिका कागदी नकाशांकडून संगणकीय नकाशांकडे झालेल्या वाटचालीची नोंद म्हणून उपलब्ध राहील. दोन्ही राजधान्यांनी आपलाच विजय झाल्याचे सांगितले. टोकियोच्या मते उपलब्ध पुस्तिकेत नाव एकट्या जपानचे राहिले. सोलच्या मते जपानच्या नावाचा प्रमाण म्हणून असलेला आधार गेला.

क्रमांकांनी जहाजांच्या संगणकांची सोय होते, बातमीदारांची आणि पाठ्यपुस्तककारांची होत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी मिळून याच समुद्रात नौदल सराव केला. अमेरिकी लष्कराने निवेदनात ठिकाण ‘जपानचा समुद्र’ असे लिहिले आणि कोरियाने दुरुस्तीची मागणी केली. अमेरिकेच्या भौगोलिक नाव मंडळाच्या धोरणानुसार खुल्या समुद्राला एकच प्रचलित नाव वापरले जाते आणि ते ‘जपानचा समुद्र’ आहे, या भूमिकेवर वॉशिंग्टन कायम राहिले.