घंगाळात कोरफड लावण्याआधी

अंबाजोगाईत किंवा धारूरमध्ये एखादा जुना वाडा उतरवला, की माळ्यावरचं घंगाळ, हंडे, परसातलं उखळ, गुरांची दगडी डोण असं सगळं बाहेर येतं. भंगारात घालण्यापेक्षा त्यात कोरफड, सदाफुली, नाहीतर चिनी गुलाब लावलेला केव्हाही बरा. पण याबाबतच्या काही समजुती झाडाच्या मुळावर येतात.

‘तांब्यातलं पाणी माणसाला चांगलं, म्हणजे झाडालाही चांगलंच.’ मोरचूद फवारणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगून पाहा! मोरचूद हा तांब्याचाच क्षार. बोर्डो मिश्रणात तो बुरशी मारतो. ओल्या, खत घातलेल्या मातीत भांड्याचं तांबं हळूहळू उतरतं आणि ते जास्त झालं की मुळांची वाढ खुंटते. म्हणून तांब्या-पितळेत माती थेट भरू नये. रोप प्लास्टिकच्या कुंडीत लावावं आणि ती कुंडी आत विटेच्या तुकड्यांवर ठेवावी. भांड्याला भोक पाडायची गरज उरत नाही, आणि ते बरंच. भोक पडलेल्या घंगाळाला मोडीचाच भाव येतो. लोखंडी काहिलीचा गंज मात्र झाडाला बाधत नाही. तिला तळाशी भोकं पाडून खुशाल लावा, फक्त मे महिन्यात दुपारची सावली द्या. बीडच्या उन्हात लोखंड मुळं भाजून काढतं.

‘कमी पाण्याच्या झाडाला भोक कशाला, तळाशी खडी टाकली की झालं.’ सर्वांत जास्त झाडं याच समजुतीनं मरतात. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच्या मातीतच अडतं आणि चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. कोरफड तहानेनं क्वचितच मरते, मरते ती कुजून. डोणीला पाणी सोडायचं छिद्र असेल, तर तिच्यासारखी कुंडी नाही. बिनभोकाच्या भांड्यात साचलेलं पाणी आठवड्याच्या आत ओतून टाकावं, नाहीतर डेंग्यूचे डास होतात.

‘आपल्या रानात सापडलं ते आपलं’ हेही खरं नाही. 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. 1972च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या दगडी आणि धातूच्या मूर्तींची नोंदणी सक्तीची केली आहे. आजीच्या साध्या उखळाला ती लागत नाही. पण नांगराला वीरगळ किंवा कोरीव खांबाचा तुकडा लागला, तर त्याची कुंडी करू नका; जागचा हलवू नका आणि तहसील कार्यालयात कळवा.