दोन रुपयांचे निर्माते

चित्रपट काढायचा म्हटला की पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशांचा. मोठा निर्माता पाठीशी नसताना हा प्रश्न लोकवर्गणीतून कसा सुटू शकतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६).

गुजरातमधील दूध सहकारी चळवळीवरील या चित्रपटासाठी सुमारे १० लाख रुपये हवे होते. डॉ. वर्गीस कुरियन यांनी तोडगा काढला : सहकारी संस्थांच्या ५ लाख सभासदांनी प्रत्येकी २ रुपये द्यावेत. त्यासाठी घरोघर फिरावे लागले नाही. सभासद गावच्या संस्थेत रोज दूध घालतच होते. एका वेळच्या दुधाच्या पैशांतून २ रुपये वळते झाले.

या वर्गणीने भांडवलाबरोबर प्रेक्षकही मिळवून दिला. ‘आपला’ चित्रपट पाहण्यासाठी शेतकरी गावोगावहून आले. विजय तेंडुलकर यांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

पुढे पवन कुमार यांनी इंटरनेटवर आवाहन करून शंभरावर लोकांकडून सुमारे ५० लाख रुपये उभारले आणि ‘ल्युसिया’ (२०१३) हा कन्नड चित्रपट केला.

आवाहन करणे आता सोपे झाले आहे. विश्वास मिळवणे मात्र नाही. कुरियन यांच्यामागे वर्षानुवर्षांच्या चोख हिशेबाची पुण्याई होती. नवोदिताकडे ती नसते. म्हणूनच ही रक्कम देणगी की गुंतवणूक, खर्च कशावर होणार आणि चित्रपट रखडला तर पैशांचे काय, हे त्याने आधीच स्पष्ट सांगायला हवे. २ रुपये देणाऱ्यालाही हिशेब मागण्याचा हक्क असतो.