फ्लेमिंगोंच्या शहरात आईचं ताट

घरात बाळाची चाहूल लागली की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. त्यातल्या कामाच्या आणि गमतीच्या या सात गोष्टी.

दोन जिवांचं जेवण? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने चौथ्या महिन्यापासून रोज 350 कॅलरी जास्त पुरतात. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र पहिले सहा महिने 600 जास्त लागतात. म्हणजे खरी भूक बाळंतपणानंतरची!

नाचणी जिंदाबाद. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. भाकरी करा, नाहीतर आंबील.

लिंबू हवं, चहा नंतर. पालेभाजी-डाळीतलं लोह लिंबामुळे अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते नीट शोषलं जात नाही. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा.

अळिवाचे लाडू. बाळंतिणीच्या खुराकातला मानाचा पदार्थ. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले की टम्म फुगतात. मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मिश्रण आटवायचं आणि कोमट असतानाच लाडू वळायचे.

मोरी नको, तारली चालेल. दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला मोरीचं कालवण देण्याची रीत किनाऱ्यावर आहे. पण मोरी म्हणजे शार्क, आणि शार्कच्या अंगात पारा साठतो. नवी मुंबईच्या दिवाळे कोळीवाड्यातून ताजी तारली किंवा बोंबील आणा आणि नीट शिजवून खा.

बाळालाही लसूण आवडतो. 1991 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात आयांनी लसूण खाल्ल्यावर साधारण दोन तासांनी दुधाला त्याचा वास आला, आणि बाळं जास्त वेळ दूध पीत राहिली!

चला चालायला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 मिनिटांची हालचाल सुचवते: रोज अर्धा तास, पाच दिवस. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचं सागर विहार, खारघरचं सेंट्रल पार्क, जागा भरपूर आहेत. फक्त आधी डॉक्टरांना विचारा.

जाता जाता आपल्या खाडीतल्या पाहुण्यांविषयी. फ्लेमिंगोंच्या पिल्लांना आई आणि बाबा दोघंही घशात तयार होणारं लालसर 'दूध' भरवतात. भरवता भरवता दोघांचाही गुलाबी रंग फिका पडतो. तेव्हा बाबांनो, रात्रीचं बाळ सांभाळा, सकाळी तिच्यासोबत चालायला जा आणि घरात पहिलं गरम ताट तिला वाढा.